डेझीच्या फुलांचा हिप हॉप

मार्च १९८९. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांना क्रॅक कोकेनने पोखरलं होतं आणि रॅपमध्ये राग मुरत चालला होता. त्याच महिन्यात लाँग आयलंडच्या अ‍ॅमिटीव्हिलमधल्या तीन पोरांचा, ‘डे ला सोल’चा, ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा अल्बम आला. मुखपृष्ठ पिवळंधमक, त्यावर डेझीची फुलं, आणि आत गाण्यांच्या मध्येमध्ये चक्क टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेची नक्कल.

समीक्षकांनी त्यांना ‘हिपी’ ठरवलं आणि विषय संपवला. हा त्यांच्यावर अन्यायच झाला. तो खेळकरपणा भाबडा नव्हता, कमावलेला होता. निर्माता प्रिन्स पॉलने स्टीली डॅन, फंकाडेलिक, हॉल अँड ओट्स, फ्रेंच शिकवण्याची तबकडी असं कशाशीही न जुळणारं सामान एका तालात बसवलं. आणि त्या गमतीत ‘से नो गो’ क्रॅकबद्दलच बोलतं, ‘घेटो थँग’ गरिबीबद्दल. हसत राहूनही डोळे उघडे ठेवता येतात, हे या पोरांना पक्कं ठाऊक होतं.

ती एकटी नव्हती. जंगल ब्रदर्स, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, क्वीन लतीफा, मोनी लव्ह असा ‘नेटिव्ह टंग्ज’ हा गोतावळाच होता. सगळे एकमेकांच्या गाण्यांत डोकावत. ‘लेडीज फर्स्ट’मध्ये लतीफा आणि मोनी बायकांचा हक्क मागतात तो मिरवत, रडत नव्हे, त्या गाण्याच्या व्हिडिओत दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची दृश्यं आहेत. ट्राइबने १९९१च्या ‘द लो एंड थिअरी’साठी जॅझमधले दिग्गज रॉन कार्टर यांना डबल बास वाजवायला बोलावलं. ट्राइबच्या क्यू-टिपचा मऊ, रेंगाळता आवाज आणि त्यावर फाइफचा चिमटा: स्वतःच्या बुटकेपणावरही तो मजेत रॅप करी. या परंपरेतलं सर्वांत परिपक्व काम मला हा अल्बमच वाटतो. त्यातलं बलात्कारावरचं गाणं मात्र भरकटतं. आज ते ऐकवत नाही.

गँगस्टा रॅपने या बहराचा बळी घेतला, असं नेहमी सांगितलं जातं. श्रोत्यांची चव बदलली, हे खरं. पण मला मोठा घाव कायद्याचा वाटतो. ‘द टर्टल्स’ या जुन्या बँडच्या गाण्याचा तुकडा न विचारता वापरला म्हणून डे ला सोलवर दावा झाला आणि न्यायालयाबाहेर पैसे मोजून तो मिटवावा लागला. डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अशाच न विचारता वापरलेल्या तुकड्यावरून रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. त्याची सुरुवातच चोरी न करण्याच्या बायबलमधल्या आज्ञेने होती. बिझ हा रॅपमधला सर्वांत लाडका विदूषक! यापुढे प्रत्येक तुकड्याची परवानगी काढायची आणि किंमत मोजायची. एका गाण्यात पाच-सात तुकडे विणणं नव्या पोरांच्या आवाक्याबाहेर गेलं.

डे ला सोलने स्वतः १९९१मध्येच ‘डे ला सोल इज डेड’ काढून मुखपृष्ठावर फुलांची कुंडी फोडली होती. पहिल्या अल्बमची खरी शिक्षा पुढेच होती. याच परवान्यांच्या गुंत्यामुळे तो स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला. त्रयीतला ट्रुगॉय त्याआधी तीनच आठवडे वारला होता. दरम्यान एक अख्खी पिढी हिप हॉप ऐकत वाढली, आणि त्याची ही हसरी बाजू तिच्या कानावर नीट पडलीच नाही.