शेऱ्याचा रकाना

मुंबईच्या किनाऱ्यालगत, भरावाच्या जमिनीत, रस्ता न खोदता मलवाहिनी टाकायची ठरली की आधी बोअर घेतात आणि प्रत्येक बोअरचं एक पान, म्हणजे बोअरलॉग, तयार होतं. डावीकडे खोली, मग थराचं वर्णन, एसपीटीचे ठोके, कोअर रिकव्हरी, आरक्यूडी, पाण्याची पातळी आणि अगदी उजवीकडे जेमतेम दोन बोटं रुंदीचा शेऱ्याचा रकाना. बहुतेकांची नजर आकड्यांवरच खिळते. पण अस्सल बोअरलॉग ओळखायचा तो त्या दोन बोटांवरून.

वरून सुरुवात करू. पहिल्या तीन-साडेतीन मीटरना 'भराव' एवढंच म्हटलेलं असतं. सात बेटं सांधून झालेल्या शहरात हे फारच मोघम झालं. भराव म्हणजे मुरूम, राडारोडा, फोडलेल्या टेकडीचे धोंडे, गाडला गेलेला एखादा जुना बांध, काहीही असू शकतं. एसपीटी म्हणजे जमिनीचा घट्टपणा मोजण्याची ठोक्यांची चाचणी: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमी उंचीवरून पडतो. पहिले १५ सेंमी सोडून पुढच्या ३० सेंमीला किती ठोके लागले ते मोजतात. अडीच मीटरवर 'रिफ्यूजल', म्हणजे ठोके देऊनही नळी पुढे न जाणं, दिसलं की उतावळा वाचक खडक लागला म्हणून मोकळा होतो. जाणता वाचक उजवीकडे बघतो. तिथे लिहिलेलं असतं, 'धोंडा. चिझलने फोडला. खाली पुन्हा भराव.' एका ओळीत आकडा खोटा पडला. हा धोंडा जमिनीखालून पाइप टाकणाऱ्या मशीनच्या तोंडी आला तर तो फोडायला वरून खड्डा घ्यावा लागणार, आणि खड्डा टाळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

मग खाडीचा काळपट चिखल, त्यात शिंपल्यांचे तुकडे. ठोक्यांच्या रकान्यात शून्य, आणि शेजारी: 'रॉड आपल्या वजनानेच उतरला.' इतकं नेमकं वाक्य मोठमोठ्या अहवालांत सापडत नाही. जिथे रॉड आपसूक उतरतो तिथे काही टनांचं मायक्रोटनेलिंग मशीनही नाक खाली घालणार. पाण्याची दाबवाहिनी थोडी झुकली तर चालून जातं. मलवाहिनी निव्वळ उतारावर वाहते. ५०० ला १ असा उतार धरला तर १०० मीटरांत मिळतात फक्त २० सेंमी. त्यात मशीन मध्येच १० सेंमी बुडालं की तिथे मैला कायमचा साचला. याच चिखलात कधी 'लाकूड' असाही शेरा येतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. १८८० साली खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात समुद्रपातळीखाली अख्खं गाडलेलं जंगल सापडलं होतं, बुंधे जागच्या जागी उभे.

चिखलाखाली मुरूम, मग खडक. इथे पान सोडून कोअर बॉक्सपाशी, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोल तुकड्यांच्या पेटीपाशी, जावं आणि कोअरवर पाणी मारावं. भिजल्यावर खडकाचा खरा रंग उमटतो: घट्ट काळा बेसाल्ट, झिओलाइटचे पांढरे ठिपके भरलेला बेसाल्ट, हिरवट ब्रेशिया, पिवळसर टफ. आरक्यूडी म्हणजे १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकड्यांची एकूण लांबी, एका खेपेत ड्रिल केलेल्या लांबीच्या टक्क्यांत; १९६० च्या दशकात डॉन डीअर यांनी रूढ केलेलं माप. पण तुकडा मोडला कुणी, जमिनीनं की ड्रिलरच्या घाईनं? मोडलेल्या तोंडावर तांबूस डाग किंवा झिओलाइटचा पातळ थर असेल तर सांधा मूळचा. तोंड कोरं, खरखरीत, लखलखीत असेल तर तो घाईचा प्रताप. हे न बघता काढलेला आरक्यूडी मला तरी वाचवत नाही.

शिवाय या आकड्याची चव प्रत्येकाला सारखी लागत नाही. इमारतीचा पाया घालणारा ९५ आरक्यूडी बघून निश्चिंत होतो. मायक्रोटनेलिंगवाल्याला तोच आकडा धडकी भरवतो: एकसंध कठीण बेसाल्ट, म्हणजे कटर झिजणार, आणि कमी व्यासाच्या मशीनमध्ये माणूस शिरून ते बदलू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे मशीनच्या तोंडासमोर वरच्या अर्ध्यात चिखल आणि खालच्या अर्ध्यात खडक. मशीन मऊ बाजूला, वर सरकू पाहतं आणि कटर प्रत्येक फेऱ्यात खडकाच्या कडेवर आपटत राहतात. दोन बोअरांमधली थराची सीमा उभ्या छेदात पट्टीनं सरळ, तुटक रेषेनं आखलेली असते. मुंबईचा खडक असा पट्टीत बसत नाही. चिखलाखाली त्याचे उंचवटे आणि घळी दोन्ही असतात. त्या तुटक रेषेवर विश्वास ठेवण्यापेक्षा आणखी एक बोअर घ्यावा, स्वस्त पडतो.

पाण्याच्या रकान्याबद्दल फार बोलायला नको. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो, तेव्हा पातळीपुढे वेळ लिहिली नसेल तर तो आकडा खोडून टाकावा. त्या पाण्याच्या तपासणीतले क्लोराइड आणि सल्फेट मात्र वाचावेत. पाइपाच्या काँक्रीटला आतून मैल्याच्या वायूपासून होणारं आम्ल खातं, बाहेरून खारं पाणी.

शेऱ्याची शेवटची ओळ बहुधा कोरीच असते. तिथे हवं असतं, 'केसिंग काढलं, बोअर सिमेंट-बेंटोनाइटने बुजवला.' सिॲटलमध्ये २०१३ साली महामार्गाच्या बोगद्याचं भलं मोठं मशीन अडलं, तेव्हा ठेकेदारानं बोट दाखवलं ते भूजल तपासणीसाठी घातलेल्या आणि जमिनीतच राहिलेल्या ८ इंची लोखंडी नळीकडे. ज्यूरीनं ते मानलं नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे धोका अधिक साधा आहे. बोअर पाइपच्या बरोबर रेषेत घेतला आणि उघडा ठेवला, तर मशीनच्या तोंडाशी दाबाखाली असलेली बेंटोनाइटची स्लरी त्याच भोकातून वर येते आणि भर रस्त्यात फुटते. म्हणून बोअर रेषेच्या थोडा बाजूला घ्यावा, नीट बुजवावा, आणि बुजवल्याची नोंद शेऱ्यात तारखेसकट करावी.