‘स्नोवर्ल्ड’ : बालकांची वेदना आणि आभासी वास्तव – एक चिकित्सा

भाजलेल्या रुग्णाची जखम वारंवार स्वच्छ करून मलमपट्टी बदलावी लागते. वेदनाशामक औषधे देऊनही या वेळी तीव्र वेदना होतात. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी ‘स्नोवर्ल्ड’ हे आभासी विश्व विकसित केले. त्यात रुग्ण बर्फाळ दरीतून जाताना हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो.

वेदना जाणवण्यासाठी अवधान लागते. ते अन्यत्र गुंतल्यास वेदनेची तीव्रता कमी भासते, ही यामागील भूमिका होय. शरीर परक्या हाती सोपवावे लागलेले मूल येथे कर्ता बनते, हे या कल्पनेचे खरे सामर्थ्य आहे.

तथापि पुराव्याची बाजू तितकी भक्कम नाही. हॉफमन व सहकाऱ्यांच्या २००० सालच्या आभासी वास्तवविषयक प्रारंभिक अहवालात दोनच किशोरवयीन रुग्ण होते. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्यांतील १००८ मुलांचा समावेश होता. परंतु उपलब्ध पुराव्याची विश्वासार्हता कमी किंवा अत्यंत कमी ठरली.

याहून गंभीर प्रश्न अन्वयार्थाचा आहे. खेळात रमलेले मूल शांत दिसते. ही शांतता म्हणजे वेदनामुक्ती असे मानून औषधाची मात्रा घटविली, तर मुलाची वेदना शमण्याऐवजी केवळ अदृश्य होईल. हॉफमन यांनीही हे तंत्र औषधास पूरक म्हणूनच मांडले होते, पर्याय म्हणून नव्हे. म्हणून या तंत्राचे यश मुलाच्या शांततेवरून न ठरविता, ‘किती दुखले?’ या प्रश्नास त्याने स्वतः दिलेल्या उत्तरावरून ठरविणे आवश्यक ठरते.