तीन वेळा दहा

द्राक्षावरच्या केवड्यावर, म्हणजे आपल्या बागायतदारांच्या बोलीतल्या डाऊनीवर, ग्रंथांच्या राशी लिहिल्या गेल्या आहेत. त्यांतला एक नियम मात्र सूत्रासारखा पुन्हापुन्हा वाचावासा वाटतो. कोंब १० सेंटिमीटरचे, तापमान १० अंश सेल्सिअस, एक-दोन दिवसांत पाऊस १० मिलिमीटर. तिन्ही किमान इतके भरले, की मोसमातली पहिली लागण संभवते. इटलीतल्या पाव्हियाचे एलिओ बाल्दाच्ची यांनी ओल्त्रेपो पावेझेमधल्या १९४१ ते १९४६ या वर्षांतल्या साथी अभ्यासल्या आणि १९४७ मध्ये हे मांडलं.

पाठ करायला सोपा, एवढीच या नियमाची थोरवी नव्हे. पहिला दहा वेलीचा आहे: हल्ला व्हायला कोवळं पान तर हवं. दुसरा रोगाचा. गळालेल्या पानांत थंडीभर दडून राहिलेले त्याचे बीजाणू ऊब मिळाल्याशिवाय रुजत नाहीत. तिसरा आभाळाचा, आणि सगळं नाट्य त्यातच आहे. पावसानं जमीन भिजते, बीजाणू जागे होतात, थेंबांच्या उडण्याबरोबर पानावर चढतात. तिथे त्यांतून निघालेले दोन शेपट्यांचे चिमुकले जीव ओल्या पानावर पोहत पर्णरंध्र गाठतात. एवढी हालचाल तीन आकड्यांत मावली आहे, आणि ती ओळखायला मोजपट्टी, तापमापक नि पर्जन्यमापक पुरतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते या नियमानं गाळलेलं. त्यात डागाचा उल्लेखच नाही. पानावर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसते, तेव्हा रोग आत शिरून कित्येक दिवस झालेले असतात. हवा थंड असेल तर पंधरवडासुद्धा. म्हणून बाल्दाच्ची डागाआधीच्या हवामानावर नजर ठेवायला सांगतात.

उणीव आहेच. नियम गरजेपेक्षा जास्त वेळा धोक्याची घंटा वाजवतो, हे पुढच्या इटालियन अभ्यासांत दिसलं. पिआचेन्झाच्या संशोधकांनी मग बीजाणूंची प्रत्येक पायरी तासातासानं मोजणारी प्रारूपं बांधली. अचूकतेत ती सरस आहेत, यात वाद नाही. पण त्यांच्या मागे उभं असलेलं कारण बाल्दाच्चींच्या ओळीतच आधी वाचायला मिळतं.

नाशिककडे हा नियम जसाच्या तसा आणू नये. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगे फुटतात तेव्हा आपल्याकडे १० अंशांची अट रोजच पुरी झालेली असते. शिवाय आपली वेल तिकडच्यासारखी हिवाळाभर निजत नाही, त्यामुळे रोग जुन्या हिरव्या पानांवरही तग धरू शकतो. इथे खरा निर्णय परतीचा पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं यावरच होतो. तेव्हा बागायतदारांनो, आकडे उसने घेऊ नका, हवामान वाचण्याची रीत घ्या: पर्जन्यमापक आपल्याच बागेत लावा आणि छाटणीपासून त्याची रोज नोंद ठेवा.