‘स्वच्छ’ म्हणजे केव्हा? : सुईणींच्या ज्ञानमापनाविषयी

सुरक्षित प्रसूतीच्या आधुनिक पद्धतींचे सुईणींना कितपत ज्ञान आहे, हे प्रश्नावलीने मोजण्याचा प्रघात आरोग्यविषयक संशोधनात चांगलाच रूढ आहे. निष्कर्षांचा वैद्यकीय भाग तज्ज्ञांनी पाहावा. परंतु प्रश्न भाषेत विचारला जातो आणि उत्तरही भाषेतच मिळते, एवढ्या नात्याने भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

‘बाळंतपण करताना हात स्वच्छ धुता काय?’ असा प्रश्न घेऊ. सुईण ‘होय’ म्हणते व तिला एक गुण मिळतो. ती खोटे बोलत नाही. आपल्याकडे बाळंतपण विटाळाचे मानले गेले. तेव्हा नाळ कापून झाली, वार पडली, की हात धुणे, अंगावर पाणी घेणे हे ओघानेच आले. हे धुणे स्पर्शानंतरचे, आणि त्याने शुद्ध होते ती धुणारी. जंतुशास्त्राला हवे असते ते स्पर्शापूर्वीचे धुणे, आणि तेही माता व मूल यांच्यासाठी. क्रियापद तेच, क्रियाविशेषण तेच. क्रम आणि हेतू मात्र उलट. (हा भेद केवळ निरक्षरांनाच अवघड गेला असे नाही. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुवावयास लावले, ते त्याच्या अनेक व्यवसायबंधूंना रुचले नव्हते.)

चूक दुसऱ्या बाजूनेही होते. ‘निर्जंतुक’ या शब्दाचा अर्थ न सांगता आल्यामुळे अज्ञानी ठरलेली सुईण पाते आधणात टाकून उकळीत असेल. ‘पाच स्वच्छता सांगा’ या प्रश्नाने तर हात, जागा, पाते, दोरा, नाळ हे प्रशिक्षणवर्गातील पाठांतर तेवढे मोजले जाते. ते म्हणून दाखविणारी स्त्री नाळेवर राख किंवा शेण लावीत नसेल, याची हमी त्यात नाही. आणि नवजाताच्या धनुर्वाताचे जंतू शिरतात ते नाळेच्या जखमेतूनच.

सुईणीचे परंपरागत ज्ञान पुरेसे होते, असे मला सुचवावयाचे नाही. चीक पिळून टाकण्याच्या रूढीचे समर्थन कोणत्याही अर्थविचाराने होणार नाही. शिवाय २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती आता आरोग्यसंस्थांत होतात. परंतु उरलेल्या प्रसूतींपैकी ज्या सुईणीच्या हाती होतात, तेथे चुकीने दिलेला एक गुण एखाद्या अर्भकाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून ‘धुता काय?’ असे न विचारता, निरोप आल्यापासून घरी परतेपर्यंत काय काय केले ते तिला तिच्या बोलीत क्रमाने सांगू द्यावे. आणि ‘धुणे’ हे क्रियापद त्या कथनात कोठे येते, ते टिपावे.