भेडाघाटचे मंदिर आणि खोदचित्रकारांची दृष्टी

आपल्याकडील देवळांची व वाड्यांची गेल्या शतकाआधीची इंग्रजी खोदचित्रे चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याची हौस अलीकडे वाढली आहे. हौसेला आमची हरकत नाही. परंतु इतिहासाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहावयाचे, तर ती कशाला भुलली आणि कशाला मुकली हे तपासलेच पाहिजे. भेडाघाट ही त्याची उत्तम कसोटी होय.

डॅनियल चुलत्या-पुतण्यांनी 1795 ते 1808 या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ची 144 चित्रे प्रसिद्ध केली आणि हिंदुस्थानातील इमारत कशी दिसावी याचा पायंडाच पाडला. ढासळती भिंत, भेगेतून फुटलेला पिंपळ, उंची कळावी म्हणून पायथ्याशी बसविलेला एखादा माणूस! पुढे लंडनच्या सचित्र साप्ताहिकांनी हाच साचा उचलला. तेथे एका चित्राचा लाकडी ठोकळा तुकडे करून अनेक कारागिरांत वाटला जाई. मूळ वास्तू त्यांपैकी कोणी क्वचितच पाहिलेली असे. मग दगड कोठलाही असो, छायेच्या रेघा त्याच.

अशी दृष्टी नर्मदेच्या संगमरवरी कड्यांवर लुब्ध व्हावी यात नवल नाही. 1870 मध्ये मुंबई–जबलपूर लोहमार्ग जोडला गेला, 1871 मध्ये फॉर्सिथचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ निघाला, आणि कड्यांची कीर्ती विलायतेत पसरली. टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे मंदिर मात्र या साच्यात बसणारे नव्हे. कलचुरींच्या काळातील हे वर्तुळाकार, वरून उघडे आवार. बाहेरून पाहावे तर नुसती भिंत. आत शिरावे तर मूर्ती भोवताली, सर्वांची तोंडे मध्याकडे, आणि मध्यभागाजवळ गौरीशंकराचे देऊळ दृष्टी अडविणारे. कोठेही उभे राहा, वर्तुळाचा एक तुकडाच नजरेस येतो. एका जागी बसून एका दिशेने पाहणाऱ्या चित्रकलेचा येथे पराभव ठरलेलाच.

कनिंगहॅमने 1873–75 च्या दौऱ्यात येथे फीत धरली. आतला व्यास सुमारे 116 फूट, मूर्तींसाठी 81 कोनाडे, आणि पीठांवर कोरलेली योगिनींची नावे, अशी त्याची कोरडी नोंद आहे. कोणी ती भिंतीवर टांगणार नाही. तरीही रेखीव चित्रांच्या चळतीपेक्षा तीच आम्हांस मंदिराचे खरे चित्र वाटते. कारण चौसष्टांच्या मंदिरात एक्क्याऐंशी जागा कशा, हा प्रश्न मोजणाऱ्यालाच पडतो.

याचा अर्थ सारे चितारी उथळ होते असा नव्हे. मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटणारा पुण्याचा गंगाराम तांबट पाहा. दगडाशी त्याचा परिचय होता. परंतु 1803 मध्ये लंडनला वेरूळचा भव्य चित्रसंच निघाला, तो वेल्स आणि डॅनियल यांच्या नावाने. आमच्या कलासमीक्षेने गंगारामाची दखल घेण्यास फारच उशीर केला, हे कठोर वाटले तरी म्हणणे भाग आहे.

भेडाघाटच्या बाबतीत तर मूळ वस्तूही हातची गेली. गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिने शिवमंदिर बांधविल्याचा 1155 चा शिलालेख फिट्झएडवर्ड हॉलच्या हातून अमेरिकेतील प्राच्यविद्या संस्थेकडे गेला. महामहोपाध्याय मिराशी यांनी 1955 मध्ये कलचुरींचे लेख संपादिले, त्यांत त्याचा पाठ आहे. जबलपूरकरांनी टेकडीवर जाताना तो वाचून जावे.