कुंभाराचे घर : यिर्मया आणि तेरची संतकथा

ईश्वरी इशारा म्हणजे भविष्यकथन, अशी एक समजूत ख्रिस्ती धर्मवाङ्मयाच्या चर्चेत वारंवार डोकावते. ती मान्य केल्यास इशारा खरा ठरला तर मनुष्याला सुटका नाही आणि न ठरला तर संदेष्टा खोटा, असे दोनच निष्कर्ष उरतात. योनाची अडचण नेमकी हीच होती. चाळीस दिवसांत निनवे नगरी नष्ट होईल, असे त्याने घोषित केले. नगरी पश्चात्तापाने वाचली आणि संदेष्टा रुष्ट झाला. इशाऱ्याचे साफल्य त्याने नाशात शोधले. ते वस्तुतः माणसांच्या परतण्यात होते.

या प्रश्नाचा अधिक सखोल विचार यिर्मयाच्या ग्रंथातील अठराव्या व एकोणिसाव्या अध्यायांत आढळतो. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे भांडे बिघडते. कुंभार ती माती टाकून देत नाही, तिचेच दुसरे भांडे घडवितो. ज्या राष्ट्राला इशारा दिला ते वळले तर योजिलेले अरिष्टही मागे घेतले जाईल, असा त्याचा अर्थ तेथेच सांगितला आहे. हिब्रू मूळात ‘कुंभार’ आणि अरिष्ट ‘घडविणारा’ ईश्वर या दोहोंसाठी एकाच धातूचे रूप योजिले आहे, हे लक्षणीय होय. शिक्षाही अद्याप चाकावरच आहे; तिला अंतिम आकार आलेला नाही. लोक मात्र आपल्याच बेतांप्रमाणे चालण्याचा हट्ट धरतात. पुढील अध्यायात यिर्मया भाजलेले मडके हिन्नोमाच्या खोऱ्यात फोडतो. ते पुन्हा सांधता येत नाही. ओली माती आणि भाजलेले मडके यांमधील अंतर हाच इशाऱ्याचा अवधी होय.

मराठी वाचकाला येथे धाराशिव जिल्ह्यातील तेरचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेरणाकाठच्या या गावी गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी थापटण्याने सर्वांची डोकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दुखावलेले नामदेव पंढरीस गाऱ्हाणे घेऊन गेले. परंतु विठ्ठलाने संतांचाच निवाडा उचलून धरून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविले. भक्ताच्या रोषाला देवाने दिलेला हा इशाराच होय, आणि नामदेवांनी तो मानला.

दोन्ही कथांतील रूपक एक, परंतु मूल्ये उलट आहेत. तेरला कच्चेपणा हा दोष. यिर्मयाच्या दृष्टीने ओलेपणा हीच आशा. तथापि हा विरोध वरवरचा आहे. नामदेव कच्चे होते म्हणूनच त्यांना पुढे जाता आले. पक्केपणाचा अभिमान धरणाऱ्याला इशारा ऐकूच येत नाही. खुद्द गोरोबांची दुसरी कथा याची साक्ष देते. पाण्याला निघालेल्या पत्नीने मुलाकडे लक्ष ठेवण्यास सांगितले होते. भजनात तल्लीन होऊन माती तुडविताना तेच मूल पायांखाली आले. कथेच्या अखेरीस मूल परत मिळते, परंतु त्यामुळे तिचा प्रश्न मिटत नाही. इतरांचे मडके पारखणाऱ्यालाही घरातील साधे शब्द ऐकू आले नाहीत, आणि आड आली ती भक्तीच. ख्रिस्ती वाङ्मयात अवज्ञेचे कारण बहुधा हट्ट किंवा लोभ असते. भक्तीच बहिरेपण आणू शकते, हे तेरच्या कथेचे स्वतंत्र योगदान मानावे लागेल.

नव्या करारात हाच विचार दोन शिष्यांच्या रूपाने येतो. पेत्र आणि यहूदा या दोघांनाही एकाच रात्री येशूने सावध केले. दोघेही चुकले आणि दोघांनाही पस्तावा झाला. पेत्र रडला, पण शिष्यांमध्ये राहिला. यहूदाने स्वतःचा अंत केला. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार त्याने परत फेकलेल्या तीस रुप्यांतून विकत घेतले गेले ते कुंभाराचे शेत, आणि तेथे मत्तय यिर्मयाचे नाव घेतो. यहूदाने आपले मडके फुटलेलेच मानले. त्याच्या पस्ताव्यात दुःख होते, परतणे नव्हते.

तेव्हा इशाऱ्याची कसोटी तो खरा ठरला की नाही ही नसून, ऐकणाऱ्याची माती अजून ओली आहे की नाही ही होय. ख्रिस्ती परंपरा भयाची आणि वारकरी परंपरा करुणेची, ही सोयीची विभागणी कुंभाराच्या घरी टिकत नाही. थापटणे आणि चाक दोन्ही एकाच घरातील साधने आहेत.