चेहऱ्यावर बोट ठेवल्यानंतर : शालेय मुलांच्या मनःस्वास्थ्याची डिजिटल साधने

गेली अकरा वर्षे मी एका माध्यमिक शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेने मुलांच्या ‘भावनिक स्वास्थ्या’साठी एक ॲप घेतले. रोज प्रार्थना झाली की वर्गात टॅबलेट फिरायचा. पाच चेहऱ्यांपैकी एकावर मुलाने बोट ठेवायचे आणि टॅबलेट मागच्या बाकावर द्यायचा. पहिल्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, हे कुणाकुणाला दिसतं?” मी सांगितले, वर्गशिक्षकांना, मला आणि मुख्याध्यापकांना. “बरं,” एवढेच ती म्हणाली. त्यानंतर वर्षभर तिने हसऱ्या चेहऱ्यावरच बोट ठेवले. तिच्या घरी त्या वर्षी काय चालले होते ते मला मार्चमध्ये कळले, तेही तिच्या मैत्रिणीने मला जिन्यात गाठून सांगितले म्हणून. ॲपच्या वार्षिक अहवालात तो वर्ग शाळेतला सर्वांत आनंदी वर्ग ठरला होता.

यात ॲपचा दोष किती आणि माझा किती, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. रोजचा तक्ता हिरवा दिसत होता, म्हणून मी त्या वर्गात कमी वेळा गेले, हे खरे आहे. पण एका शाळेतल्या एका अनुभवावरून सगळ्या साधनांना नावे ठेवणे योग्य नाही. म्हणून गेले वर्षभर मी या क्षेत्रातली वेगवेगळ्या जातीची साधने आणि त्यांच्याविषयी उपलब्ध असलेले अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहिले. प्रत्येकाला मी तीनच प्रश्न विचारले. मुलाने सांगितलेले कोणाकडे जाते? ते पोहोचल्यावर कोण काय करते? आणि मुलाने ते कोणत्या भाषेत सांगायचे?

विषय किती गंभीर आहे ते आधी सांगायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी एनसीईआरटीने सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ८१ टक्के मुलांनी आपल्या चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवले. शाळांना काहीतरी करणे भाग होते, आणि ‘काहीतरी’ म्हणून विकत घ्यायला सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे ॲप.

पहिली जात आमच्या टॅबलेटसारख्या मनःस्थिती-नोंदीच्या साधनांची. मायक्रोसॉफ्टचे ‘रिफ्लेक्ट’ हे त्यातले सर्वाधिक माहितीचे. शिक्षक प्रश्न पाठवतात, मुले रंगीबेरंगी बाहुल्यांमधून आपल्या मनाशी जुळणारी बाहुली निवडतात आणि उत्तर शिक्षकांकडे जाते. याचा एक गुण मान्य केला पाहिजे. ‘बरं वाटत नाही’ या एका वाक्याच्या पलीकडे भावनांना वेगवेगळी नावे असतात, हे मुलाला कळते. पण नावे कुठली? आमच्या ॲपच्या मराठी आवृत्तीत ‘चिंताग्रस्त’, ‘निरुत्साही’, ‘भारावलेला’ असे शब्द होते. अकरा वर्षांत एकाही मुलाने मला ‘मी चिंताग्रस्त आहे’ असे म्हटलेले नाही. मुले म्हणतात, ‘छातीत धडधडतं’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘डोक्यात गुंगुं होतं’, ‘कसंतरीच होतंय’, ‘घरी करमत नाही’. दुःख पोटात दुखण्यातून आणि डोकेदुखीतून बोलते. ज्या शब्दकोशात पोटदुखी नाही, त्या शब्दकोशातून आमच्याकडची निम्मी मुले गळतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरेही सरळ आहेत. माहिती शिक्षकांकडे जाते. त्यानंतर काय करायचे ते साधन ठरवत नाही, शाळेने ठरवायचे असते. आमच्या शाळेने ते ठरवलेले नव्हते.

दुसरी जात संवाद करणाऱ्या यंत्रांची. त्यांचा इतिहास जुना आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा कार्यक्रम लिहिला. समोरच्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत देण्यापलीकडे तो फारसे काही करत नव्हता, तरी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली आणि निर्मात्यालाच धक्का बसला. आजचे ‘वोबॉट’ आणि बंगळुरूमध्ये जन्मलेले, पेंग्विनचे रूप घेतलेले ‘वायसा’ ही त्याची सुशिक्षित नातवंडे. त्यांना बोधात्मक वर्तनोपचाराची शिस्त आहे. वोबॉटवरचा २०१७चा अभ्यास वारंवार पुढे केला जातो. तो नीट वाचला तर कळते की त्यात १८ ते २८ वयाचे ७० तरुण होते आणि कालावधी दोन आठवड्यांचा होता. नैराश्याची लक्षणे वोबॉट वापरणाऱ्यांत अधिक कमी झाली. चिंता मात्र केवळ माहितीपुस्तिका वाचणाऱ्या गटातही तेवढीच उतरली. अभ्यास प्रामाणिक आहे. तेरा वर्षांच्या मुलाला तो लागू करणे हा विक्रेत्यांचा उत्साह आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये बीबीसीने याच दोन यंत्रांची परीक्षा घेतली. लैंगिक अत्याचार सोसणाऱ्या मुलाच्या भूमिकेतून संदेश पाठवले. यंत्रांना संकट ओळखता आले नाही, आणि मदत मागण्याचा सल्लाही त्यांनी दिला नाही. इंग्लंडच्या तत्कालीन बालआयुक्त ॲन लाँगफिल्ड यांनी ही साधने मुलांसाठी योग्य नाहीत असे स्पष्ट सांगितले. पुढे वोबॉटने वयाची अट १८ केली, आणि जून २०२५ अखेर ते ॲप बंदच झाले. आजची यंत्रे भाषा जास्त चांगली समजतात, धोक्याचे शब्दही ओळखतात. पण माझा दुसरा प्रश्न तिथेच उभा आहे. आपल्याकडे पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा अत्याचाराची माहिती कळलेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. मुलाने मला सांगितले तर ते बंधन माझ्यावर येते. मध्यरात्री यंत्राला सांगितले तर कोणावर येते? शाळेशी झालेल्या करारात याचे उत्तर नसेल, तर मुलाने सांगूनही कोणीच ऐकले नाही असे होईल.

तिसरी जात दूरध्वनीची. साधन जुने, पण पलीकडे माणूस. १०९८ ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधाराने सुरू झाली; रस्त्यावरच्या मुलाला सार्वजनिक फोनवरून पैसे न टाकता तो क्रमांक फिरवता येत असे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ सुरू केले, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’. तिचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीसह वीस भाषांत बोलतो. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मला इथे मिळाले, कारण ‘कसंतरीच होतंय’ म्हणजे काय ते माणूस उलट विचारू शकतो. अडचण दुसरीकडे आहे. शाळेत फोन आणायला बंदी, घरी फोन वडिलांचा आणि बोलायला जागा स्वयंपाकघराच्या दाराआड. सार्वजनिक फोन रस्त्यावरून गेले, पण त्यांनी दिलेला आडोसा मुलांना दुसरीकडे कुठे मिळाला नाही. शिवाय पलीकडचा समुपदेशक कितीही कुशल असला तरी त्या मुलाचा वर्ग, त्याचे बाकावरचे शेजारी, त्याची चाचणी परीक्षा त्याला दिसत नाही.

चौथी जात मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटली, आणि ती आपल्या शेजारची आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने ‘प्राइड’ प्रकल्पातून ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा स्मार्टफोनवरचा खेळ तयार केला. पॉड म्हणजे समस्या, पर्याय आणि कृती या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. मूल आधी गोष्टीतल्या पात्राची अडचण सोडवते, मग तीच पद्धत स्वतःच्या अडचणीला लावते. खेळ एकटा सोडलेला नाही. सोबत प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक असतो, आणि तो मानसशास्त्राचा पदवीधर असलाच पाहिजे असे नाही. या कामामागचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांतल्या २५१ विद्यार्थ्यांना समस्या सोडवण्याच्या छापील पुस्तिका दिल्या. निम्म्यांना नुसत्या पुस्तिका, निम्म्यांना पुस्तिका आणि समुपदेशक. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता समुपदेशक असलेल्या गटात अधिक कमी झाली. लक्षणांच्या गुणांकनात मात्र सहा आठवड्यांनंतर दोन गटांत ठळक फरक नव्हता. हा दुसरा भागही सांगायला हवा, कारण माणूस जोडला की सगळे बरे होते असा अर्थ यातून काढता येत नाही. काढता येतो तो एवढाच, की साहित्य तेच असले तरी सोबत कोण आहे याने फरक पडतो.

‘सोबत कोण’ हाही प्रश्न सोपा नाही, हे बिहारने दाखवले. ‘सेहर’ या अभ्यासात नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत एकच आरोग्य कार्यक्रम काही ठिकाणी शिक्षकांनी आणि काही ठिकाणी बाहेरून नेमलेल्या समुपदेशकांनी राबवला. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांत समुपदेशकांच्या शाळांत नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली, शाळेतले वातावरण सुधारले. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षकांना यावरून दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यावर आधीच निवडणूक, पाहण्या आणि पोर्टले भरण्याचे ओझे असते; आणि जो माणूस गुण देतो, त्याच्यापाशी मूल मोकळे होत नाही. माझ्या आठवीतल्या मुलीचा प्रश्न इथे उलगडतो. दिसणाऱ्यांच्या यादीत वर्गशिक्षक पहिले होते.

पाचवी जात मी मदतीच्या साधनांत धरत नाही, पण ती त्याच नावाने विकली जाते. अमेरिकेतल्या अनेक शाळांत ‘गॅगल’ किंवा ‘गोगार्डियन बीकन’सारखी सॉफ्टवेअर मुलांचे शाळेच्या खात्यावरचे लेखन वाचतात आणि धोक्याचा शब्द दिसला की शाळेला कळवतात. काही मुलांपर्यंत वेळेवर मदत पोहोचली असेल, हे मी नाकारत नाही. पण २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका शाळा-जिल्ह्याकडून माहिती मागवणाऱ्या पत्रकारांच्या हाती मुलांची सुमारे ३,५०० खासगी लेखने नावे न झाकता पडली. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे कलम ९ अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागते आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करते. सरकारला सवलती देण्याची वाट त्याच कलमात आहे. त्या वाटेने शाळांत काय काय येते, यावर पालक-शिक्षक संघांनी लक्ष ठेवले पाहिजे.

माझ्या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. काही गोष्टी मूल माणसाला सांगतच नाही. लाज वाटते, भीती वाटते, ‘आईला सांगाल’ अशी शंका असते. यंत्र नाक मुरडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ३० शाळांत १,४७७ विद्यार्थ्यांवर झालेल्या ‘मूडजिम’च्या अभ्यासात, २००९ मध्ये, संगणकावरच्या धड्यांनी चिंता कमी झाल्याचे दिसले, आणि तो फरक सहा महिन्यांनीही टिकून होता. म्हणजे पडद्यावरची मदत निरुपयोगी नाही. पण तिथे धड्यांना वेळापत्रकात तास दिलेला होता आणि वर्गात शिक्षक हजर होते. आमच्या शाळेत टॅबलेटला प्रार्थना आणि हजेरी यांच्यामधली चार मिनिटे मिळत होती.

आणि ते ८१ टक्के? परीक्षेने घाबरलेल्या मुलाला श्वासाचा व्यायाम शिकवावा, मी रोज शिकवते. पण एका आठवड्यात तीन चाचण्या लावणारे वेळापत्रक कुठलेच ॲप मुख्याध्यापकांना दाखवत नाही. ही सगळी साधने दुखणे मुलाच्या आत शोधतात. शाळेने स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवावे अशी सोय एकाही साधनात नाही.

मग निवड कशी करावी? माझा क्रम असा : समुपदेशकासोबत चालणारी साधने आधी, हेल्पलाइनचा क्रमांक त्याच्या जोडीला, आणि शाळेतच फोन करायला एक बंद दाराची खोली, मनःस्थितीची नोंद असलीच तर ती फक्त समुपदेशकाला दिसणारी, संवादयंत्र मोठ्या वर्गांपुरते आणि धोक्याची खूण आली तर कोण धावेल ते लिहून घेतल्यावरच. पाळतीची साधने नकोत. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, असे निर्देश दिले. ॲपचा खर्च मंजूर करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने तो निकाल आधी वाचावा.

आमच्या कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी मी माझे तीन प्रश्न एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांना दिले. पहिल्याचे आणि तिसऱ्याचे उत्तर कंपनीने पाठवले. शब्द बदलून देण्याची तयारीही दाखवली. दुसऱ्यासमोर त्यांनी लिहिले, ‘शाळेच्या धोरणानुसार’. ते बरोबरच आहे. ते उत्तर आमचे आम्हालाच लिहायचे होते. बैठकीत ठरले ते असे : कुठल्याही वाटेने नाव आले, तर त्याच दिवशी शाळा सुटण्याआधी मी त्या मुलाला भेटायचे, आणि त्यासाठी माझ्याकडचे बदली तास काढून घ्यायचे. टॅबलेट सध्या कपाटात आहे. आठवीतली ती मुलगी आता दहावीत गेली. परवा मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली, दार लावून घेतले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मीही घाई केली नाही.